आडवा तुकडा

पातळताई अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. नाव ऐकून नवा माणूस प्रयोगशाळेत आला की तो एखादी सडपातळ बाई शोधत राही आणि खुद्द ताई त्याच्यासमोर दार अडवून उभ्या असत. "शोधा, सापडेल," म्हणत त्याची फिरकी घेतल्याशिवाय त्या त्याला आत सोडत नसत. नाव पडलं होतं ते हातामुळे. माणसाच्या अंगातून काढलेला नखाएवढा तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा मशीनला लावायचा आणि केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा पातळ काप काढून, कोमट पाण्यावर पसरवून तो काचेवर घ्यायचा. न फाटता, न सुरकुतता असा काप काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत ताई बत्तीस वर्षं हेच करत होत्या.

त्याआधी लग्न होईपर्यंत त्या एका बेकरीत ब्रेड कापत. तिथे जाड कापला तर गिऱ्हाईक ओरडायचं, इथे जाड कापला तर डॉक्टर ओरडतात, नशिबात सुरीच लिहिलेली, असं त्या सांगायच्या. त्यांचे अहो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, मनाने हळवे आणि पोटाने त्याहून हळवे. घरात कामाचा विषय काढायचा नाही असा त्यांचा पहिल्या महिन्यापासूनचा दंडक होता, कारण पहिल्याच आठवड्यात ताईंनी जेवताना पित्ताशयाचं वर्णन केलं होतं. त्यामुळे ताईंचं बत्तीस वर्षांचं काम घरी कुणाला ठाऊकच नव्हतं.

या कामाचा एक नियम इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कातडीचा किंवा आतल्या अस्तराचा तुकडा मेणात नेहमी उभा बसवायचा, कडेवर. मग सुरी त्याला वरपासून खालपर्यंत छेदते आणि एकाच कापात पृष्ठभागही दिसतो आणि तळही. तोच तुकडा आडवा पडला तर सुरी वरवरचेच पापुद्रे काढत राहते. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला ताई हे घोकून घ्यायला लावायच्या. "आडवा लावलास तर डॉक्टरला नुसता गालिचा दिसेल, खालची जमीन दिसणार नाही," असं म्हणून चिमट्यानेच त्याच्या बोटावर टिचकी मारायच्या. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, पण शीत धड धरता आलं तर.

तर एके दिवशी खिडकीवरचा कारकून रजेवर होता आणि ताईंना खिडकीवर बसावं लागलं. या खिडकीतून नातेवाईक तुकड्यांच्या बाटल्या देतात आणि रिपोर्ट नेतात. रिपोर्टवर विश्वास न बसलेले काही जण आपल्या काचा आणि ठोकळे मागून घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. त्या दिवशी आलेली बाई यातलीच होती. उंच, रुंद खांद्यांची, पोरासारखे आखूड केस, वय त्रेचाळीस. सार्वजनिक तलावावर बायकांना पोहायला शिकवते म्हणाली. आठ महिन्यांपूर्वी तिच्या गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा इथे तपासला होता. तो तिला परत हवा होता. "काही नाही म्हणतात," ती म्हणाली, "पण मला होतंय ते होतंयच."

ताईंनी फाइल काढली. रिपोर्टवर 'कर्करोगाचं काही आढळलं नाही' असं लिहिलं होतं. तुकड्याबरोबर आलेल्या कागदावर तिच्या डॉक्टरने कारण म्हणून एवढंच खरडलं होतं: अंगावरून पांढरं जातं, एक वर्ष. आता या तीन शब्दांत जगातल्या निम्म्या बायका मावतात. बाईने काहीही सांगो, लिहिणारा लिहितो ते पांढरंच. आणि अंगावरून जातं ते बायका अंगावरच काढतात, त्यामुळे खोडून काढायलाही कोणी परत येत नाही. या दोन खोडींनी किती जणींचा घात केला असेल याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नाही, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

ताईंनी तो कागद वाचून दाखवला तेव्हा पोहणारी बाई वैतागली. पांढरं नाही, पाणी जातं, असं आपण त्या डॉक्टरला तीनदा सांगितलं होतं म्हणाली. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, जरासं चिकट, आणि इतकं की दिवसातून तीन वेळा कपडे बदलावे लागतात.

"पहिले सहा महिने मला वाटलं, तलावाचंच पाणी आत जातं आणि मग सावकाश बाहेर येतं," ती म्हणाली. "हसा खुशाल. चार चार तास पाण्यात असते मी, मला दुसरं काय वाटणार?"

ताई हसल्याच. मनापासून हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करणाऱ्या डॉक्टर मॅडम, काही वर्षांपूर्वी शिकाऊ डॉक्टरांना एक काच दाखवत होत्या आणि ताई पलीकडे लेबलं चिकटवत होत्या. मॅडम म्हणत होत्या की गर्भाशयाच्या तोंडाचा एक कर्करोग फार क्वचित भेटतो आणि तो दिसायला इतका गरीब असतो की भलेभले फसतात. त्याच्या पेशी सभ्य, ग्रंथींची ठेवण जवळपास निरोगी. नेहमीचा रोग एका विषाणूमुळे होतो. याचा त्या विषाणूशी संबंध नाही, म्हणून नेहमीच्या चाचणीतही तो निसटतो. चुगली करतात त्या दोनच गोष्टी, तो किती खोल गेलाय ती खोली, आणि पाणी. ताईंच्या कानावर हे पडलं होतं आणि कान फुकट जात नाहीत.

त्यांनी बाईला उद्या यायला सांगितलं. ठोकळा शोधावा लागेल म्हणाल्या. शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. खणातून काढून त्यांनी तो उजेडात धरला. मेणात कडेवर उभी असलेली बारीक पट्टी दिसायला हवी होती. दिसत होती ती वाटोळी चकती. डबीच्या झाकणासारखा तो तुकडा सपाट, आरामात, आडवा पडला होता. ठोकळ्यावरचा पेन्सिलीचा आकडा ताईंच्या हातचा होता. रजिस्टरात 'बसवला' या रकान्यात सही त्यांचीच होती.

त्यांनी तो दिवस आठवून पाहिला. ताप नव्हता. घाई नव्हती. कोणी रजेवर नव्हतं, घरी भांडण झालं नव्हतं. काहीतरी सबब असती तर तिच्या आडोशाला बसता आलं असतं. काहीच नव्हतं. एक साधा दिवस, बाविसावा किंवा तेविसावा तुकडा, आणि भिंग न घेता मारलेला एक नेम. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत बत्तीस वर्षं काढली होती त्यांनी, आणि हे मुसळ आठ महिने खणात पडून होतं.

त्यांच्या मनात वाईट विचार आला नाही असं मी म्हणणार नाही. ठोकळा तसाच कागदात गुंडाळून उद्या बाईला दिला असता तर कुणाला कळणार होतं? दुसरीकडच्या लोकांनी त्याच ठोकळ्याचे वरवरचे काप काढले असते आणि तेच म्हटलं असतं. आणि त्यांच्या लक्षात आलं असतं तरी बोलणी बसली असती ती प्रयोगशाळेला, ताईंना नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला आता चार महिने उरले होते. ताई ठोकळा हातात धरून उभ्या राहिल्या, हाताच्या उबेने मेण ओशट व्हायला लागलं, तेव्हा त्या निघाल्या आणि मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, हा मी आडवा लावलाय," त्या म्हणाल्या आणि ठोकळा टेबलावर ठेवला.

मॅडमनी आधी ठोकळा पाहिला, मग जुनी काच मागवून सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मग त्यांनी आपलीच चूक सांगितली. काचेवर तळ दिसत नाही हे त्यांना तेव्हाच दिसायला हवं होतं, ठोकळा फिरवून पुन्हा काप मागायला हवे होते. निदान 'खोली दिसत नाही' एवढं तरी लिहायला हवं होतं. त्यांनी 'आढळलं नाही' लिहिलं आणि वाचणाऱ्यांनी ते 'नाही' असं वाचलं. मॅडम वयाने ताईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला कडक. तो कडकपणा त्यांनी त्या दिवशी स्वतःवरच काढला.

ताईंनी मेण वितळवलं. वरचा थोडा भाग आधीच्या कापांत गेला होता, खालचा शाबूत होता. भिंगाखाली धरून त्यांनी तुकड्याची वरची बाजू कोणती, खालची कोणती याची खात्री केली, चिमट्याने तो कडेवर उभा केला आणि मेण गोठेपर्यंत श्वास रोखून धरून ठेवला. पहिला काप फाटला. त्यांनी ठोकळा बर्फाच्या लादीवर टेकवून गार केला, नवी पाती लावली, आणि दुसऱ्यांदा काप पाण्यावर अखंड तरंगला.

रंगवलेली काच मॅडमनी पाहिली आणि दुसऱ्या भिंगातून ताईंनाही पाहायला बोलावलं. ग्रंथी असाव्यात वरच्या थरात. या तुकड्यात त्या थेट तळापर्यंत उतरल्या होत्या, जिथे तुकडा संपत होता तिथेही होत्याच. एकेक ग्रंथी वेगळी पाहिली तर तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारी नमस्कार करणारा, वेळेवर घरी येणारा चोर असावा तशा. ताईंनी मग आणखी एक खास रंग लावून दिला. या रंगात गर्भाशयाच्या तोंडाच्या निरोगी ग्रंथींचा चिकट स्राव जांभळा दिसतो. इथे तो गडद गुलाबी निघाला, जठराच्या अस्तरात निघतो तसा. पिशवीच्या तोंडात जठराची सवय उगवली होती. हाच तो क्वचित भेटणारा, जवळजवळ नक्कीच, असं मॅडम म्हणाल्या, आणि खात्रीसाठी बाईच्या डॉक्टरला फोन करून मोठा, खोल तुकडा मागवला.

दुरुस्त रिपोर्टात काय लिहायचं तेही मॅडमनी ठरवलं. 'ठोकळा नव्याने बसवून काप घेतले.' कोणी आधी कसा बसवला होता हे त्यात येणार नव्हतं. त्यांनी ताईंना बजावलं की खिडकीवर असलं काही बोलायचं नसतं. पेशंटला जे सांगायचं ते त्याचा डॉक्टर सांगेल. ताईंनी मान हलवली. खिडकीवर बसायची वेळ आली की त्या स्वतःही सगळ्यांना हेच सांगत आल्या होत्या.

त्या संध्याकाळी ताईंनी घरचा दंडक मोडला. जेवायला बसल्यावर सगळं सांगितलं, तुकडा, मेण, ग्रंथी, काही न वगळता. अहोंनी चमचा खाली ठेवला, पण उठून गेले नाहीत. शेवटी ताई म्हणाल्या की त्या बाईला खरं सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही.

"सांगितलंस तर बरं कोणाला वाटेल, तिला की तुला?" अहोंनी विचारलं.

ताईंना राग आला. बत्तीस वर्षं एक अक्षर ऐकून न घेतलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी नेमकं वर्मावर बोट ठेवावं याचा जास्त राग आला. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. शेवटी त्यांनी एवढं ठरवलं की आपण होऊन सांगायचं नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

बाईला तिच्या डॉक्टरने परस्पर बोलावून घेतलं, त्यामुळे ती ठोकळा न्यायला आलीच नाही, आणि मोठा तुकडा आला. ताईंनी तो सहा भागांत उभा बसवला. निदान पक्कं झालं, शंकेला जागा उरली नाही. आठवड्याने पोहणारी बाई रिपोर्ट न्यायला खिडकीवर आली तेव्हा तिच्या डॉक्टरने तिला सगळं सांगितलेलं होतं. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. चेहरा उतरलेला होता, पण खांदे तसेच ताठ होते. कारकून आता कामावर परत आला होता. ताई आतून उठून खिडकीशी गेल्या. त्यांनी लिफाफा दिला. बाईने तो उघडला नाही.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "पहिल्या वेळी का नाही दिसलं?"

ताईंनी कारकुनाकडे पाहिलं. तो मान खाली घालून शिक्के मारत होता.

"मी तुकडा आडवा ठेवला होता," त्या म्हणाल्या. "उभा ठेवायला हवा होता. माझं चुकलं."

"म्हणजे तुम्ही?"

"मीच."

"उभा ठेवला असता तर आठ महिन्यांपूर्वीच कळलं असतं?"

"बहुतेक. मॅडमना विचारलंत तर त्याही तेच सांगतील."

बाई ओरडली असती तर ताईंना सोपं गेलं असतं. त्यांनी मनातल्या मनात शिव्याही ऐकून ठेवल्या होत्या. बाई बाजूच्या बाकावर जाऊन बसली. खिडकीवर चार माणसं आली आणि गेली. कुणाची बाटली गळत होती, कुणाचं नाव चुकलं होतं. मग ती उठून पुन्हा समोर आली. माफ केलं वगैरे काही ती म्हणाली नाही, आणि ते योग्यच होतं.

"पिशवी काढतील ती इथेच येणार ना?" तिने विचारलं. ताई हो म्हणाल्या. "मग ती तुम्हीच बसवायची. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. तुमच्या हातून आता पुन्हा आडवा पडणार नाही. आणि काय निघेल ते वर येऊन तुम्ही मला सांगायचं. या खिडकीतून नाही."

ताईंनी कबूल केलं. ही शिक्षा होती की विश्वास, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही.

ऑपरेशन झालं. पिशवीचा डबा खाली आला तेव्हा ताईंनी इतरांना बाजूला केलं. मॅडमनी तुकडे काढून दिले आणि ताई तीन दिवस फक्त तेच बसवत आणि कापत होत्या. प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरायचा, चिमटा लावायचा, पुन्हा भिंगाखाली बघायचा. पिशवीबरोबर आजूबाजूच्या चौदा गाठी, प्रत्येकाच्या अंगात मुळातच असतात त्या लसिकांच्या, काढल्या होत्या. रोग बाहेर पडायला लागला की त्याचा पहिला मुक्काम या गाठींत असतो, म्हणून सगळा जीव त्या चौदा गाठींत अडकलेला. एकही निसटली नाही ना हे ताईंनी तीनदा मोजलं. इतक्या सुंदर काचा आपण आयुष्यात कधी पाहिल्या नाहीत असं मॅडम म्हणाल्या. एरवी या वाक्यावर ताईंनी सबंध मजल्याला चहा पाजला असता.

चौथ्या दिवशी दुपारी मॅडमनी त्यांना बोलावलं. पिशवीतला रोग कडेपर्यंत पोचला नव्हता, तो पूर्ण निघाला होता. तेरा गाठी स्वच्छ होत्या. एक नव्हती. ताई खुर्ची ओढून बसल्या.

"आठ महिन्यांपूर्वी ही एक स्वच्छ असती का?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी काच सूक्ष्मदर्शकाखालून काढली. "ते कुठल्याच काचेवर दिसत नाही, ताई," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोन उचलून सर्जनला सांगितलं की आधी ताई वर येतील, पुढच्या उपचाराचं तुम्ही मागून बोला.

वॉर्ड चौथ्या मजल्यावर होता. इतक्या वर्षांत ताईंनी हजारो पेशंटचे तुकडे हाताळले होते, पण पेशंटच्या पलंगाशी त्या कधी गेल्या नव्हत्या. लिफ्ट असूनही त्या जिन्याने गेल्या, कारण लिफ्ट लवकर पोचली असती. पोहणारी बाई उशीला टेकून बसली होती. हाताला सलाइन लावलेलं. पलंगावर ती खिडकीतून दिसायची त्याहून लहान दिसत होती. ताईंना पाहिल्यावर तिने मानेनेच खुर्चीकडे खूण केली.

"पिशवीतलं सगळं निघालंय," ताई म्हणाल्या. "कड स्वच्छ आहे. आणि चौदा गाठी होत्या. त्यातल्या तेरा स्वच्छ आहेत."

"चौदावी सांगा."

"चौदावीत आहे."

बाईने डोळे मिटले. मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "नीट बसवली होतीत?"

"हो. तीनदा बघून."

"मग खरंच असणार," ती म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

जा असं तिने म्हटलं नाही, थांबा असंही म्हटलं नाही. भेटीची वेळ संपल्याचं नर्स सांगायला आली तोवर ताई त्या खुर्चीतच बसून होत्या.